किल्ली माझ्याकडं, माणसं तिच्याकडं

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी अनुसयाबाईची बाज ताणली. सुंभ ढिला पडला की बाजेला मधोमध झोळ येतो. म्हातारं माणूस त्यात रुतून बसतं आणि त्याला उठता येत नाही. हे काम एकट्याचं नाही. एकानं लाकडावर पाय देऊन दोरी ओढायची आणि दुसऱ्यानं ओढलेली दोरी सुटू न देता धरायची. मी ओढत होतो, माझी बायको गयाबाई धरत होती.

"ओढा की जरा," ती म्हणाली. "जेवताना बराबर जोर येतो अंगात."

"ओढून राह्यलो ना. तू सोडू नको म्हंजे झालं."

"मी कधी सोडलंय? सोडायची सवय तुमची."

अनुसयाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला डोळ्यांनी दिसत नाही. ती आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "गये, लई ताणू नको गं. झोपेत उडून पत्र्याला लागंन मी."

गयाबाई हसली. हसताना ती तोंडावर पदर घ्यायची, मिश्रीनं तिचे दात काळे झाले होते. पदर घ्यायला एक हात सुटला आणि दोरी ढिली पडली. मी शिवी दिली. तिनंही दिली. परत पहिल्यापासून ओढावं लागलं.

दुपारी गयाबाई गेली. खोलीच्या उंबऱ्यात बसली, छातीत कळ येते म्हणाली, पाणी मागितलं. मी रांजणातून तांब्या भरून आणला तोवर ती राहिली नव्हती. आजारी नव्हती, औषध चालू नव्हतं, काही नाही. तिचं सगळं कामच तसं असायचं, घाईचं.

मी सोनाजी. चौथीपर्यंत शिकलो. जालन्याहून अंबडला जाणाऱ्या सडकेवर एका ट्रस्टचा निराधार आश्रम आहे. तिथं मी फाटकावर होतो आणि गयाबाई आया होती. आश्रमाच्या आवारातच आम्हाला एक खोली होती. ती नोकरी आता नाही, खोलीही नाही. मी लेकीकडं धावड्याला राहतो. जावई मास्तर आहे. तो म्हणाला, "मामा, तुम्ही दिवसभर मामींचंच बोलून राह्यले, लिहून तरी काढा." त्यानं वही दिली. मला बोलता येतं तसंच लिहिता येतं, दुसरं येत नाही.

आश्रमात चाळीसेक माणसं होती. म्हातारी, आंधळी, पांगळी. थोडी आधीपासूनची, पण बरीचशी बहात्तरच्या दुष्काळात आलेली. म्हंजे आलेली नाही, आणलेली. घरची माणसं ऊस तोडायला, नाहीतर पाझर तलावाच्या कामावर चालली होती. म्हाताऱ्याला फाटकाशी बसवायचे आणि म्हणायचे, "आठ दिसांत येतो, बा." काही आले. बाकीच्यांची वाट बघायचं काम म्हाताऱ्यांनीच केलं.

तेव्हा फाटकाला कुलूप नव्हतं. त्याच उन्हाळ्यात एक म्हातारा माझ्याकडं आला आणि म्हणाला, "सोनाजी, गावाकडं जाऊन येतो. बैल छावणीत नेला का तिथंच मेला, तेवढं बघून येतो." मी म्हणालो, "या." तिसऱ्या दिवशी खडी फोडणाऱ्या माणसांना तो सडकेच्या कडेला सापडला. पाण्यावाचून गेला होता. ट्रस्टची माणसं जीप घेऊन आली. माझी उलटतपासणी झाली. कुलूप आलं, आणि सुपरिटेंडन साहेबांनी किल्ली माझ्या हातात देऊन सांगितलं, "सोनाजी, आता एक जरी बाहेर गेला, तर तूही बाहेर आणि तुझं बिऱ्हाडही बाहेर."

ती किल्ली मी करगोट्याला बांधली. माणूस मेलं होतं आणि ते माझ्या 'या' म्हणण्यानं मेलं होतं, ही गोष्ट मला विसरता येत नव्हती. गयाबाईलाही ती माहीत होती. तरी ज्या दिवशी कुलूप लागलं त्या दिवसापासून तिची एकच भुणभुण सुरू झाली. फाटक दिवसा उघडं ठेवा.

"तो मेला त्याचं मला वाईट न्हाई वाटत का?" ती म्हणायची. "पर तो मरायला न्हाई, घरला चालल्ता. एक मेला म्हून चाळिसांना जित्तं कोंडायचं?"

"मंग मरू देऊ का अजून दोन-चार?"

"मरतीलच की. आत बी मरून राह्यलेत. तुम्ही फकस्त कुठं मरायचं ते ठरवून राह्यले."

आता तिचा स्वभाव सांगतो. लोक ती देवमाणूस होती म्हणतात, ते खरं नाही. ती भांडकुदळ होती. एकदा आचाऱ्यानं कच्च्या भाकरी केल्या तर तिनं बादली फेकली, ती त्याच्या नडगीला लागली. माझ्याशी चार-चार दिवस बोलायची नाही. आमची सुमन बाळंत झाली तेव्हा ही तिकडं चार दिवसच राहिली आणि परत आली, आश्रमात दोघी तापानं पडल्या होत्या म्हणून. सुमन अजून म्हणते, "आईनं चाळीस लोकांचं केलं, माझं न्हाई केलं."  खरंच आहे ते.

पण एक गोष्ट मी दुसऱ्या कुणात बघितली नाही. आश्रमात दोन लांब खोल्या होत्या, एक बायांची, एक बाप्यांची. त्यांना दारं नव्हती, गोणपाटाचे पडदे होते. साहेब यायचे ते पडदा फडकन् सारून. डॉक्टर, आचारी, मी, सगळे तसेच. गयाबाई पडद्याबाहेर उभी राहायची आणि विचारायची, "येऊ का?" हातात गूचं भांडं असलं तरी विचारायची. आतून कुणी "थांब" म्हणालं तर थांबायची. एकदा साहेबांनी बघितलं आणि हसले. म्हणाले, "गयाबाई, हे काय राजवाडे आहेत का?"

"न्हाई साहेब. पर तुमच्या घरात मी तशीच घुसले तर चालंल का?"

साहेब पडदा सोडून माघारी वळले. त्यांच्या घरात ती विचारून सुद्धा स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकत नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. आम्ही छप्पनला धर्म बदलला. पण चार घरांचं मन कुणी बदललं नव्हतं.

अनुसयाबाईचंच सांगतो. ती मोठ्या शेतकऱ्याच्या घरातली. चार बैलांची शेती, पुढं भावकीनं सगळं खाल्लं आणि ती इथं आली. आल्या दिवसापासून तिनं गयाबाईच्या हातचं पाणी घेतलं नाही. मी म्हणालो, "मरू दे तिला तहानेनं." गयाबाई म्हणाली, "न्हाई घ्यायचं तर न घेऊ दे. जबरदस्तीनं पाजायला ती काय वासरू हाय?" आणि तिनं अनुसयाबाईच्या बाजेशी, हात पुरेल असं मडकं ठेवलं, वर ओगराळं ठेवलं. म्हातारी चाचपत आपलं आपण घ्यायची. दोन वर्षं असं चाललं. मग एकदा म्हातारीला थंडीताप भरला. हात थरथरत होते. ती म्हणाली, "गये, आज तूच दे गं."

गयाबाई म्हणाली, "आता माझे हात मोकळे न्हाईत. थांब जरा." तिचे हात मोकळे होते. मी बघत होतो. एक बिडी ओढून व्हावी इतका वेळ ती दारात उभी राहिली आणि मग पाणी दिलं. तेवढा सूड तिनं घेतला. त्या दिवसापासून दोघींचं असं जमलं की सख्ख्या बहिणींचं जमणार नाही.

ताटल्यांची गोष्ट तर अख्ख्या जालन्याला माहीत झाली होती. आश्रमात जेवायच्या ताटल्या दानात आलेल्या. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची रीत आहेच. देणाऱ्यांनी आपल्या मेलेल्या माणसांची नावं घातली होती. प्रत्येक ताटलीवर कैलासवासी अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ. आमची माणसं रोज दोन वेळा दुसऱ्याच्या मेलेल्या माणसावर भाकरी ठेवून जेवायची. शिवाय ताटल्या बदलायच्या, त्यावरून भांडणं. माझी तू घेतली, तुला खोकला आहे, तुझी जात कोणती.

गयाबाई साहेबांकडं गेली. "ज्याची त्याला एकेक ताटली द्या. मागल्या अंगाला त्याचं नाव घाला. त्याच्या मालकीचं एक तरी भांडं राहू द्या जगात."

भांडणं मिटतील म्हणून साहेब कबूल झाले. त्यांनी सगळ्यांच्या नावांची यादी केली. मी ताटल्यांचं पोतं सायकलवर बांधून जुन्या जालन्यात नेलं. तिथं एक म्हातारे चाचा भांड्यांवर नावं घालायचे. वर्षानुवर्षं आश्रमाचं काम त्यांच्याकडंच. यादी दिली, चार दिवसांनी जाऊन पोतं आणलं. मी चौथी शिकलोय खरा, पण ओझं वाहणारा माणूस ओझं वाचत नाही.

दुपारी जेवायला बसले. ताटल्या यादीच्या क्रमानं लावलेल्या होत्या, तशाच वाटल्या. लिंबाजीला वाचता यायचं. तो अंबडकडचा, एका पायानं अधू, दोन काठ्यांवर चालायचा. त्यानं आपली ताटली उलटी करून बघितली आणि मोठ्यानं वाचलं, "कैलासवासी लिंबाजी." मग म्हणाला, "आरं, मी गेलो की! कुणी सांगितलं बी न्हाई मला!"

शेजारच्यानं आपली दिली. "माझी बघ."

"तू बी गेलास."

"आणि मी रं?" बायांच्या ओळीतून अनुसयाबाईनं विचारलं.

"तुम्ही तर लवकरच गेलात, आजी. पैल्या ताटलीवर हायेत."

चाळीसच्या चाळीस ताटल्यांवर कैलासवासी घातलं होतं. आश्रमाचं काम म्हंजे तसंच असतं, हे चाचांच्या हाताला पाठ होतं. काही बाया रडायला लागल्या, जेवणावरून उठल्या. अपशकुन झाला म्हणाल्या. मी पोतं घेऊन परत गेलो तर चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे बाबा, आश्रम का काम हमेशा मरे हुओं काच आता है ना. जिंदा लोगां का कौन नाम डालता?"

ते परत करून देत होते, पण गयाबाई थांबायला तयार नव्हती. तिनं कुठून तरी कानस आणली आणि दुपारच्या वेळी फाटकाशेजारी बसून एकेक कैलासवासी घासून काढला. आठ दिवस तो खरखर आवाज चालला होता. दोन ताटल्यांना भोक पडलं. लिंबाजीनं मात्र आपल्या ताटलीला हात लावू दिला नाही. म्हणाला, "राहू दे, गयाबाई. पुढच्या वेळची मेहनत वाचंल."

तिथं गयाबाई हसली नाही. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "चाचाचं काय चुकलं? बाहेरच्यांना ह्ये मेलेलेच वाटून राह्यलेत. दिसतात कुठं कुणाला?" आणि परत कानस घासायला लागली. मी समजलो कुणाला बोलली ते. किल्ली माझ्याच कमरेला होती.

नंतर उवांचं झालं. वर्षातून दोनदा न्हावी यायचा आणि सगळ्यांची डोकी सफाचट करायचा. बाप्यांचं ठीक. पण बायांचीही. त्या रडायच्या, काही डोकं हलवायच्या, म्हणून आयानं धरायचं. गयाबाईनं पहिल्या वेळी धरलं होतं. ते तिनं मला कितीदा सांगितलं. "मी धरलं ओ. माझ्या ह्या हातानं धरलं." दुसऱ्या वेळी न्हावी येऊन बसला, साहेब उभे, बाया ओळीनं. गयाबाई पुढं गेली आणि स्वतःच पाटावर बसली. अंबाडा सोडला.

"काढ. माझ्यापासून सुरू कर."

न्हावी साहेबांकडं बघायला लागला. साहेब म्हणाले, "गयाबाई, ऊठ. तुझं कशाला?"

"माझ्या बी डोक्यात हायेत उवा. ह्यांच्यातच असते मी दिवसभर. आणि साहेब, बाईसाहेबांच्या बी असतील, तुम्ही हितनंच जाता घरी."

न्हाव्यानं वस्तरा मिटवला. साहेब तांबडेलाल झाले. म्हणाले, "तू नोकर आहेस का पुढारी?"

"नोकर हाय साहेब. पुढाऱ्याला एवढा गू कोण काढू देतो?"

त्या वेळी नोकरी जाणारच होती.  पण आयाचं काम करायला दुसरं कुणी मिळत नव्हतं, म्हणून वाचली. पुढं महिनाभर तिनं सीताफळाच्या बिया कुटून तेलात घातल्या, बायांचे डोळे फडक्यानं बांधून डोक्याला चोळलं आणि फणीनं एकेकीच्या उवा काढल्या. उन्हात बसून, न बोलता. केस राहिले.

पण फाटकाचं काही होत नव्हतं. ट्रस्टची माणसं वर्षातून एकदा यायची, पाहुणे घेऊन. त्या दिवशी कपाटातल्या चादरी निघायच्या, संध्याकाळी परत कपाटात जायच्या. साहेब सगळ्यांना ओळीनं बसवून शिकवायचे, "विचारलं तर काय सांगायचं? सगळं चांगलं आहे." एका वर्षी गयाबाई आठ दिवस आधीपासून एकेका बाजेपाशी बसली. "तुला काय पायजे ते तू सांग. मी न्हाई सांगणार. मी सांगितलं तर म्हणतील आया चावी भरती."

पाहुणे आले. ट्रस्टीनं विचारलं, "काय, सगळं ठीक ना?" आणि एकेक जण बोलायला लागला. एकानं भाकरीसंगं हिरवी मिरची मागितली. एक बाई म्हणाली, आरसा पाहिजे. एक म्हणाला, माझं पत्र आलं तर माझ्यासमोर फोडा, आधी फोडून ठेवू नका. साहेबांच्या कपाळाला घाम आला. शेवटी अनुसयाबाई म्हणाली, "मला फाटकाच्या बाहेर जाऊन यायचंय."

ट्रस्टी मऊ आवाजात म्हणाले, "आजी, तुम्हाला तर दिसत नाही. बाहेर जाऊन काय करणार?"

"दिसत न्हाई म्हूनच. आतलं सगळं पाठ झालंय मला."

पाहुण्यांतली एक बाई डोळे पुसायला लागली. ट्रस्टी म्हणाले, "इथं तुम्हाला काय कमी आहे? सगळं मिळतं."

गयाबाई खांबाला टेकून उभी होती. तिनं ठरवलं होतं बोलायचं नाही, पण तिचं तोंड कुठं थांबतं. ती म्हणाली, "सगळं मिळतं साहेब. जायचं तेवढं मिळत न्हाई. गेल्यावर परत येतील की. हितली भाकरी सोडून जातात कुठं?"

ट्रस्टींनी तिच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडं, साहेब."

"सांभाळून ठेव."

महिन्याभरात आरसा आला. मिरच्याही आल्या. पत्रं समोर फोडायला लागले. कुलूप तसंच राहिलं.

त्या दिवशी खोलीवर आल्यावर ती मला जे बोलली ते लिहितो, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. ती म्हणाली, "तुमच्या बापाला गावानं येशीबाहेर ठेवलं. आणि तुम्ही ह्यांना येशीच्या आत कोंडून राह्यले. किल्ली बांधून फिरता, शरम न्हाई वाटत?"

मी म्हणालो, "खोली गेली तर राहायचं कुठं? तुझ्या भाषणात?"

ती उठून बायांच्या खोलीकडं निघून गेली.

आता वाटतं, ती किल्ली काढून घेऊ शकली असती. आंघोळीला जाताना मी ती खुंटीला लावायचो. रोज. ती तिथंच भाकरी थापत बसलेली असायची. तिनं कधी हात लावला नाही. एकदा मी विचारलं, "एवढं हाय तर घेत का न्हाई तू?" म्हणाली, "मी उघडलं तर चोरी होईल. तुम्ही उघडलं तर फाटक उघडंल." मी म्हणालो, "लई शहाणी." आणि आंघोळीला गेलो.

ती गेली त्या दुपारी वस्तीवरची आमची माणसं जमली. उन्हाळ्याचे दिवस, ठेवता येत नव्हतं. सुमनला निरोप धाडला, पण धावडा लांब. ती येईपर्यंत थांबणं होणार नव्हतं. बुद्धवंदना झाली, तिरडी उचलली. मी पुढच्या अंगाला खांदा दिला होता.

आश्रमाची सगळी माणसं फाटकापर्यंत मागं आली. मला त्यांच्या काठ्यांचा आवाज ऐकू येत होता. फाटकाबाहेर पडलो. मी माझा खांदा शेजारच्याला दिला, मागं वळलो, फाटक ओढलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि पळत जाऊन परत खांदा दिला.

हे मी केलं. कुणी सांगितलं नव्हतं. साहेब त्या वेळी तिथं नव्हतेही. हात आपोआप गेला. मागून अनुसयाबाई ओरडत होती, "सोनाजी! आरं आम्हाला बी येऊ दे की रं!" मी ते ऐकलं. मला वाटलं, रडतेय. बायका रडतात तशी.

ओढ्याच्या काठाला तिला अग्नी दिला. दिवस मावळायच्या आत माघारी आलो तर सगळे तिथंच होते, फाटकाच्या गजांना धरून. कुणी बसलेलं, कुणी उभं. पाणीसुद्धा प्यायला गेले नव्हते. मी किल्ली काढली तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. किल्ली दोनदा उलटी घातली, मग कुलूप उघडलं.

लिंबाजी एवढंच म्हणाला, "तिला पोचवायला बी सोडलं न्हाईस, सोनाजी."

मी आत आलो आणि कुलूप परत लावलं. 

सकाळी उठलो. सुमन आणि जावई आले होते, आमच्या खोलीत बसले होते. मी चहा घेतला नाही. फाटकाशी गेलो, कुलूप काढलं. रोज एकच झडप उघडायची, दुसरीची खालची कडी गंजून बसली होती. दगड घेऊन ती ठोकली आणि दोन्ही झडपा भिंतीला लागेपर्यंत मागं ढकलल्या. मग दोन्ही खोल्यांसमोर उभा राहून मोठ्यानं सांगितलं, "गयाबाईकडं चाललोय. ज्याला यायचंय त्यानं या. ज्याला न्हाई यायचं त्यानं राहा."

 त्यांना खरं वाटत नव्हतं. मग अनुसयाबाईनं हात पुढं केला. धरायला कुणी नव्हतं. सुमन आमच्या खोलीतून पुढं आली आणि तिनं तो हात आपल्या खांद्यावर ठेवला.

"तू कोण गं?"

"सुमन."

"तू व्हय," म्हातारी म्हणाली. "तुला लेक झाला तवा तुझ्या आईनं आम्हाला बाजेबाजेवर गूळ आणून दिल्ता. मला दोनदा दिला. इसरली म्हून."

सुमन हळू चालायला लागली.

ओढा जवळ आहे. मला चालत दोन बिड्यांचा वेळ लागतो. आम्हाला पोचायला उन्हं चांगली वर आली. दर दहा पावलांवर कुणीतरी टेकायचं. काही जणांनी वाटेवर तरवडाची पिवळी फुलं तोडली. एक म्हातारा नुसता इकडंतिकडं बघत होता, हात लावून बघत होता. बाभळीला, बांधावरच्या दगडाला, कुणाच्या तरी बांधलेल्या शेळीला.

राख अजून धगीची होती. मी म्हणालो, "जवळ जाऊ नका, तापलंय." अनुसयाबाईनं सुमनच्या खांद्यावरचा हात काढला आणि शेकायला धरतात तसा पुढं धरला. बराच वेळ धरला.

"अजून हाय गं बया गरम," ती म्हणाली.

 फुलं टाकली, ती लगेच कोमेजली. लिंबाजी मागं उभा होता. तो दोन काठ्यांवर वळला आणि सडकेच्या दिशेनं बघून म्हणाला, "सोनाजी, मी जरा सडकेपर्यंत जाऊन येतो."

 उन्हाळा तोच. सडक तीच. मी म्हणालो, "या."

तो गेला. तेवढ्यात साहेब सायकलवरून आले. सायकल टाकून दिली, श्वास लागला होता. "सोनाजी, डोकं फिरलं का तुझं? फाटक सताड उघडं! किती जणांना आणलंस?"

"मोजले न्हाईत, साहेब."

"मोजले नाहीत? आणि तो तिकडं कोण चाललाय? लिंबाजी ना तो? बोलाव त्याला!"

मी बघितलं. लिंबाजी सडकेच्या कडेच्या चिंचेपर्यंत पोचला होता आणि काठ्या बाजूला ठेवून खाली टेकला होता. समोरून अंबडची एसटी गेली. त्यानं ती जाईपर्यंत मान वळवून बघितली. दूर होता, तोंड दिसत नव्हतं.

"सोनाजी, ऐकतोयस ना? बोलाव त्याला."

"येईल त्याचा तो," मी म्हणालो, आणि राखेपासून जरा अंतरावर, अनुसयाबाईशेजारी खाली बसलो.